हातात किती वॉट पडतात?

दोन हजारांचा गीझर, पंधराशेचा एसी, हजाराची इस्त्री आणि पाचशेचा मिक्सर एकाच वेळी लावला, तर आमच्या घरात ५००० वॉट जळतात. म्हणजे कागदावर जळतात. प्रत्यक्षात हे धाडस एका दिवाळीच्या पहाटे घडलं तेव्हा एमसीबी पडला आणि मी अंगभर उटणं लावून टॉर्च शोधत हिंडलो. त्यामुळे ५००० वॉट ही काय चीज आहे, हे मला कुणी शिकवायला नको. आणि नेमका हाच आकडा नाना पेठेतल्या एका दुकानात, चपलांच्या खोक्याएवढ्या डब्यावर, सोनेरी अक्षरांत छापलेला होता. वर ड्रॅगन. ड्रॅगनच्या तोंडातून ज्वाळा. आत, गाडीत बसवायचा ॲम्प्लिफायर.

"पाच हजार?" मी विचारलं.

"पाच हजार वॉट," दुकानदार म्हणाला. "किंमत फक्त साडेतीन हजार."

म्हणजे वॉटला सत्तर पैसे. सत्तर पैशांत हल्ली कोथिंबिरीची काडीसुद्धा कुणी देत नाही.

गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. पाच हजाराला बाराने भागलं की चारशे सोळा अँपिअर येतात. आमच्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर फार तर सत्तर-ऐंशी अँपिअरचा. त्यातच दिवे, वायपर, एसीचा पंखा आणि मागची काच गरम करणारी ती तार, जी पुण्यात कुणी वापरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी हा हिशोब विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडून घरी दाखवला. बायकोने बिलाची पुढची बाजूही वाचली आणि म्हणाली, "अहो, डिकीत एवढी वीज तयार होणार असेल, तर महावितरणलाच विकू या का?"

दुकानदाराला तरी किती दोष द्यायचा? खुद्द जेम्स वॉट जेव्हा वाफेची इंजिनं विकायला निघाला, तेव्हा त्यानेही ‘माझं यंत्र इतक्या घोड्यांचं काम करतं’ असाच हिशोब गिऱ्हाइकापुढे मांडला होता. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. त्या हिशोबाने ड्रॅगनच्या डब्यात जवळजवळ पावणेसात घोडे कोंबलेले होते. सात घोडे जुंपायला सूर्यनारायण लागतो. इथे डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा लावलेला मी होतो.

आता हा मनुष्य नाना पेठेत पोचलाच कसा, तर भाच्यामुळे. नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतून असा काही दणका येत होता, की आमच्या आरशातलं पुणं थरथरत होतं. भाचा त्या गाडीकडे आदराने बघत म्हणाला, "मामा, तुझ्या गाडीत बेसच नाही."

त्या क्षणापर्यंत मी सुखी होतो. कंपनीने दिलेल्या चार स्पीकरांतून बातम्या ऐकू येत होत्या, अभंग ऐकू येत होते, आणि मागे बसलेल्या बायकोची सूचना मात्र सोयीस्कररीत्या ऐकू येत नव्हती. पण एकदा ‘नाही’ म्हटल्यावर माणूस नसलेली गोष्टच ऐकू लागतो. मला आता प्रत्येक गाण्यात न वाजणारा बेस ऐकू येऊ लागला.

मग वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, घ्यायचं ठरलं आणि तज्ज्ञ जमले. हा विषय असा आहे, की ज्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजत नाही तोही यावर ठाम असतो. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, "वूफर नेहमी ॲम्पपेक्षा मोठा घ्यायचा, नाहीतर वूफर जळतो." दुसरा म्हणाला, "उलटं! ॲम्प वूफरपेक्षा मोठा घ्यायचा, नाहीतर वूफर जळतो." तिसऱ्याच्या मते दोन्ही सारखे घेतले की वूफर जळतो. प्रत्येकाने आपापला वूफर जाळलेला होता आणि त्या राखेच्या जोरावर तो बोलत होता. चौथा तेवढा म्हणाला, "ॲम्पसकट तयार मिळणारी बेस ट्यूब टाक आणि मोकळा हो." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण त्यात चर्चेला काही उरत नव्हतं.

खोक्यावरचा आकडा आणि आरएमएस यांतला फरक मला शेवटी कळला तो भाच्याच्याच नोकरीवरून. बहीण त्याचं पॅकेज बारा लाख सांगते. त्या बारा लाखांत जॉइनिंग बोनस असतो, ग्रॅच्युइटी असते, विमा असतो, हिंजवडीच्या बसचं भाडं असतं आणि ‘कामगिरी असामान्य झाल्यास’ मिळणारी एक रक्कम असते, जी आजवर त्या इमारतीत कुणालाही मिळालेली नाही. महिन्याला हातात किती पडतात, असं विचारलं की बहीण चहा टाकायला उठते. खोक्यावरची पीक पॉवर म्हणजे हे पॅकेज. ॲम्प निमिषभर, देव प्रसन्न असताना, कदाचित तेवढं देऊ शकेल. आरएमएस म्हणजे हातात पडतात ते. ॲम्प सतत किती देतो आणि वूफर सतत किती सोसतो, हे दोन आरएमएस जुळवायचे, की अर्धं काम झालं. मी निवडलेल्या बारा इंची वूफरवर ठळक अक्षरांत १५०० होते. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आरएमएस होते ३००.

"या ड्रॅगनचे आरएमएस किती?" मी विचारलं.

"पाच हजार."

"आणि मॅक्स?"

"तेपण पाच हजार. आपल्याकडे एकच भाव असतो, साहेब."

अमेरिकेत यासाठी सीटीए-२००६ (पूर्वीचं सीईए-२००६) नावाचं एक मानक आहे. १४.४ व्होल्ट द्या, ४ ओहमचा भार लावा, आवाजाची विकृती एक टक्क्याच्या आत ठेवा आणि मग सांगा वॉट किती ते. हा शिक्का खोक्यावर आहे का, असं मी जरा चष्मा वर करून विचारलं. दुकानदार म्हणाला, "मारून देतो की," आणि त्याने दुकानाचा रबरी शिक्का काढला.

शेवटी कोपऱ्यात तारा सोलत बसलेल्या फिटरचाचांना माझी दया आली. त्यांनी ड्रॅगन हातात घेतला, उपडा केला आणि पाठीवरचे फ्यूज दाखवले. पंचवीस-पंचवीस अँपिअरचे दोन. "पन्नास अँपिअरच्या वर गेला तर हा उडतो," चाचा म्हणाले. "मग पाच हजार येणार कुठून?" पन्नास गुणिले मानकातले १४.४ व्होल्ट म्हणजे सातशेवीस वॉट आत जाणार. एबी क्लासचा ॲम्प त्यातले निम्म्याच्या आसपास उष्णतेत घालवणार. बाहेर चारशे पडले तरी पेढे वाटावेत. पॅकेज पाच हजार, हातात चारशे. मला भाच्याबद्दल एकदम माया दाटून आली.

ड्रॅगन बारगळला आणि उष्णतेत कमी घालवणाऱ्या डी क्लासचा, ड्रॅगन नसलेला, दिसायला शाळेच्या कंपासपेटीसारखा एक मोनो ॲम्प ठरला. त्याच्या कागदावर लिहिलं होतं: ४ ओहमला १५० वॉट, २ ओहमला ३००. वूफर ३०० चा, ॲम्प ३०० चा. मी पाकीट काढलं. पण भाचा म्हणाला, "मामा, ओहम कुठे जुळलेत अजून?"

गेओर्ग ओहम हा जर्मनीत कोलोनला शिकवणारा एक मास्तर. त्याने १८२७ साली आपला नियम पुस्तकात मांडला, तेव्हा त्याच्या देशातल्या विद्वानांनी त्याचं इतकं थंड स्वागत केलं की त्याने नोकरी सोडली. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. मधल्या काळात त्याला जे सोसावं लागलं, त्याचा सूड तो आजही गाड्यांच्या डिक्यांमधून घेतो आहे.

आमच्या वूफरला व्हॉइस कॉइल दोन, प्रत्येकी ४ ओहमच्या. कॉइल समांतर जोडल्या तर दोन ओहम. एकापुढे एक जोडल्या तर आठ.

"मला चार हवेत," मी म्हणालो. चार हा आकडा मला सुरक्षित वाटत होता.

"चार होत नाहीत," चाचा म्हणाले. "दोन घ्या, नाहीतर आठ घ्या."

"पण वूफरवरच चार लिहिलंय."

"ते एकेकीचं. दोघी मिळून चार कधीच होत नाहीत."

हे ऐकून मी गप्प बसलो, कारण एका घरात बहीण, आई आणि आत्या यांच्याबरोबर वाढलेल्या माणसाला हा नियम मास्तराआधी ठाऊक असतो. ओहम म्हणजे विजेला होणारा अवरोध. तो जितका कमी तितके ॲम्पमधून वॉट जास्त निघतात, आणि तितका तो तापतोही. म्हणून कागदावर लिहिलेल्या ओहमच्या खाली जायचं नाही. इतकं साधं आहे सगळं. तरीही जोडणी भाच्याने रात्री घरीच, एका व्हिडिओवरून केली आणि व्हिडिओतला वूफर दोन ओहमवाल्या कॉइलचा होता. त्याने कॉइल एकापुढे एक जोडल्या. तिथे चार झाले असतील, आमचे आठ झाले. आठ ओहमला ॲम्प पाऊणशेच्या आसपास वॉट देऊ लागला आणि एवढा थोरला वूफर घसा बसलेल्या वक्त्यासारखा पुटपुटू लागला.

यावर उपाय म्हणून मुळातली जोडणी तपासावी, हे कुणालाही सुचलं असतं. भाच्याने मित्राकडून तसाच दुसरा वूफर आणला. या वेळी मात्र त्याने सगळं समांतर जोडलं. चार कॉइल, चार ओहम, समांतर: एक ओहम. ॲम्प दोनच्या खाली न जाणारा. ठाप असा एक ठोका वाजला आणि ॲम्पवर लाल दिवा लागला.

"जळला?"

"नाही, प्रोटेक्टमध्ये गेला. झेपेनासं झालं की आपला आपण गप्प बसतो."

सत्तावन्न टक्के घरांत ही सोय नवऱ्यांना असती तर, हा विचार माझ्या मनात आला. आकडा माझा आहे, विश्वास ठेवू नका. मग दोन वूफर उलटसुलट जोडून नेमके चार ओहम आणता येतात असं निघालं, पण चार ओहमला ॲम्प देणार १५०, म्हणजे दोघांना प्रत्येकी पंचाहत्तर. दोन वूफर बसवून एकाच्या निम्मी कमाई. मित्राचा वूफर मित्राकडे गेला, आमच्या दोन कॉइल समांतर झाल्या, दोन ओहम, ३०० वॉट. गुण जुळले.

मग गेन लावायचा. ॲम्पवर गेन नावाचा एक छोटा स्क्रू असतो. तो आवाज वाढवायचा कान आहे असं समजून जो तो त्याला पिळतो. प्रत्यक्षात तो स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांची ओळख करून देण्यापुरता असतो. तो जास्त पिळला, की ॲम्प आपल्या ताकदीबाहेर गायला जातो, लाटेची वरची-खालची टोकं चपटी होतात, आणि असा चपटा आवाज खाऊन खाऊन वूफरची कॉइल तापते. ऑफिसातल्या त्या तिघांचेही वूफर बहुधा याच स्क्रूने जाळलेले. पण एका स्क्रूवर तीन माणसांचं एकमत होणं म्हणजे चहाची सुट्टी वाया गेल्यासारखं झालं असतं, म्हणून मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गेन नीट लावायचा तर वूफरची तार काढायची, ५० हर्ट्झचा एकसुरी सिग्नल लावायचा आणि मल्टिमीटरने व्होल्ट मोजायचे. ३०० वॉट गुणिले दोन ओहम, त्याचं वर्गमूळ: साडेचोवीस व्होल्ट. तिथे स्क्रू थांबवायचा. म्हणून एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी, भाचा आणि चाचा डिकीत डोकी घालून एका मीटरकडे टक लावून उभे होतो. पहिल्या मजल्यावरचे आजोबा कठड्यावरून वाकले.

"काय चाललंय?"

"आवाज सेट करतोय, आजोबा."

"मग आवाज कुठाय?"

"आवाज लावायचा नसतो यात."

आजोबांनी बराच वेळ विचार केला. "हे उत्तम आहे," ते म्हणाले. "असंच ठेवा." ध्वनिप्रदूषणाचे सन २०००चे नियम त्यांना तोंडपाठ आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहा ते सहा लाउडस्पीकर बंद. कुकरच्या तिसऱ्या शिटीलाही ते घड्याळ बघतात.

तारांचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात माझी फारशी शोभा नाही. तारेचा गेज जितका लहान तितकी तार जाड असते, हे ज्याने ठरवलं त्याला कुणीतरी गाठायला हवं. मी "मोठ्यातली मोठी द्या" म्हणालो आणि घरी आलो तो चपलेच्या अंगठ्याएवढी बारीक तार घेऊन. चाचांनी ती बघून "याच्यावर कपडे वाळत घाला" एवढंच म्हटलं. मग चार गेजची शुद्ध तांब्याची तार आली. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार दिसायला तशीच असते आणि निम्म्या भावात मिळते, हेही तेव्हाच कळलं. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज बसला, पत्र्याचा रंग खरवडून अर्थिंग झालं. रंग खरवडताना मी घरात बसून होतो. मला ते बघवलं नसतं.

तरीही पहिल्याच रात्री कात्रज घाटात प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावू लागले. धप्, मंद. धप्, मंद. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं मी डिपर देतोय. त्यानेही दिला. त्याच्या मागच्याने दिला. आख्ख्या घाटभर लोक मला ओळख देत गेले. भाच्याने लगेच एक फॅरडचा कॅपॅसिटर सुचवला. चाचांनी बॅटरी तपासली आणि ती म्हातारी झाल्याचं जाहीर केलं. नवी बॅटरी वूफरच्या हिशोबात धरायची की गाडीच्या, यावर घरात अजून वाद आहे.

डिकीचं काय झालं ते सांगायलाच नको. बारा इंची वूफरची पेटी, जाड एमडीएफची, वीसेक किलोची, बरोबर स्टेपनीच्या झाकणावर. ताम्हिणी घाटात पंक्चर झालं तेव्हा आधी तारा सुटल्या, मग पेटी उतरली, मग बॅगा, आणि मग कुठे स्टेपनीचं दर्शन घडलं. एका जीपवाल्याने थांबून विचारलं, "ऑर्केस्ट्रा का? कुठे आहे कार्यक्रम?" बायको पेटीवर बसून भडंग खात होती. "इथेच आहे," ती म्हणाली.

आणि आता आवाजाबद्दल. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते. आमची गाडी चार मीटरच्या आतली. लाट गाडीत मावत नाही, म्हणून वूफर आतली हवाच सगळी एकदम दाबतो आणि सोडतो. त्याचा फायदा असा, की बंद गाडीत खालचे सूर आयतेच वाढतात. तोटा असा, की गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू त्यांना साथ देते. नंबरप्लेट, डिकीचं झाकण, टोलसाठी कधीकाळी ठेवलेली चिल्लर, डॅशबोर्डवरचा गणपती. गणपतीची सोंड कधी नव्हे ती हलताना पाहून माझ्या सासूबाईंनी मागच्या सीटवरून हात जोडले.

फक्त एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. मी ऐकतो नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग. वूफरकडे ८० हर्ट्झच्या खालचंच पाठवायचं असतं आणि पुरुषाचा आवाज साधारण तिथून वर सुरू होतो. व्हायोलिन, बासरी वरच. त्यातून जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर खालचे सूर मुळातच जेमतेम उतरलेले. पुणे ते कोल्हापूर, ३०० वॉट, दोन ओहम, साडेचोवीस व्होल्ट, सगळं बरहुकूम जुळलेलं, आणि वूफर मागे मौनव्रतात. साताऱ्याच्या पुढे एका अभंगात पखवाज जरा मोकळा वाजला तेव्हा तो एकदा खाकरला. आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

भाच्याचं आता म्हणणं आहे, की वॉट दुप्पट करावेत. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो तीन डेसिबल, म्हणजे कळलं तर कळलं. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, आणि दहा डेसिबलला दसपट वॉट. तीनशेचे तीन हजार. ते हातात पडायला अडीचशेच्या वर अँपिअर लागतील, म्हणजे गाडीत तीन-चार अल्टरनेटर, आणि मग इंजिन ठेवायला जागा उरत नाही.

तेव्हा तुम्ही या भानगडीत पडणार असाल, तर दोन्हीकडचे आरएमएस बघा, ओहम बघा, ॲम्प उपडा करून फ्यूज बघा, आणि पैसे देण्याआधी आपण रोज ऐकतो ते गाणं दुकानात एकदा लावून बघा. आणि एवढं करूनही बेस कमी वाटला, तर काचा वर घ्या. हवा आत कोंडली की बेस वाढतो, पैसे पडत नाहीत, आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा झोपतात.